उसाशाचे बळ

टेडिंग्टन हे अठराव्या शतकात लंडनजवळचे थेम्सकाठचे गाव होते. तिथला पाद्री स्टीफन हेल्स याने एका डिसेंबरात एक घोडी उताणी पाडून बांधली. घोडी चौदा वर्षांची, खांद्यापाशी नासूर झालेली होती. हेल्सने तिच्या मांडीतली धमनी उघडून तीत पितळेची बारीक नळी बसवली आणि तिला नऊ फुटी काचेची नळी उभी जोडली. रक्त काचेतून चढत गेले आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर जाऊन खालीवर हलत राहिले. रक्तदाब मोजण्याचा हा पहिला प्रसंग वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात येतो. त्यापुढचे मात्र बहुतेक जण गाळतात. हेल्स मापाने रक्त काढत गेला, प्रत्येक मापानंतर रक्त काचेत किती चढते ते टिपत गेला, आणि रक्त जात असताना शरीर कसे झुंजते याचा आकड्यांतला तक्ता त्याने मांडला. १७३३ साली छापलेल्या ‘हीमास्टॅटिक्स’ या ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: खोल उसासा घेतला की रक्ताचा जोर वाढतो. छाती फुगली की फुप्फुसातल्या वाहिन्या मोकळ्या होतात, रक्त त्यांतून सहज पार होऊन डाव्या कप्प्यात पोचते, अशी त्याची उपपत्ती होती. खिन्न माणूस उसासे का टाकतो याचे उत्तरही त्याला त्यातच दिसले. खिन्नतेचा भाग बाजूला ठेवला तरी रक्त आणि उसासा यांचे नाते एकाच पुस्तकात, एकाच माणसाने, काचेच्या नळीत पाहून लिहून ठेवले होते. पुढच्या अडीचशे वर्षांत वैद्यकाला हे नाते तीन-चार वेळा सापडले आणि तितक्याच वेळा हातून निसटले.

हृदय हा पंप आहे हे आपण शाळेत शिकतो. त्या पंपापर्यंत रक्त आणून देणारा दुसरा पंप छातीत आहे, हे कुणी शिकवत नाही. शरीरातले दोन तृतीयांशाच्या आसपास रक्त धमन्यांत नसते, नीलांमध्ये असते, आणि तिथून ते हृदयाकडे परत येते ते फार थोड्या दाबावर. धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या नव्वद मिलिमीटरच्या पुढे असतो. नीलांकडून हृदयाकडे रक्त ढकलणारा दाब अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात आर्थर गायटन याने कुत्र्यांवर मोजला, तो भरला अवघा सात मिलिमीटर. विहिरीचे पाणी पाटाने शेताला जावे आणि पाटाला उतार जेमतेम वीतभर असावा, तशी ही अवस्था. उतार इतका कमी असला की शेताच्या टोकाला टीचभर खणले तरी पाणी धावते आणि टीचभर भर पडली तरी तुंबते. श्वास आत घेताना छाती आणि पोट यांमधला पडदा खाली उतरतो, छातीतला दाब वातावरणाच्या खाली जातो, हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाबही त्याबरोबर उतरतो आणि टोकाला खणल्याचा परिणाम होतो. त्याच वेळी पोट दाबले जाते आणि यकृत-आतड्यांतले रक्त वर ढकलले जाते. धडधाकट माणसात हा फायदा लक्षातही येत नाही, कारण विहीर भरलेली असते. रक्त वाहून गेले की सातावरचा दाब चार-पाचावर येतो, आणि मग छातीतल्या एकेका मिलिमीटरला किंमत येते.

यातून जे निघते ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटेल, पण मी ते पूर्ण विचारांती मांडतो आहे. रक्त गमावलेल्या पण स्वतः श्वास घेणाऱ्या माणसाचा श्वास मर्यादेत थोडा जड केला तर त्याच्या हृदयाला मदत होते. आणि त्याच माणसाच्या छातीत आपण हवा जोराने, भराभर कोंबली तर हृदयाकडे येणारे रक्त आपणच अडवतो. जड श्वास म्हणजे हवेच्या वाटेत एक हलकी झडप ठेवायची: हवा आत ओढायला छातीला नेहमीपेक्षा अधिक पोकळी करावी लागते, बाहेर सोडताना मात्र काहीच अडत नाही. पोकळी अधिक म्हणजे ओढ अधिक. यात अनोळखी असे एकही तत्त्व नाही. म्हणूनच ही गोष्ट रुग्णाच्या उशाशी पोचायला इतका काळ का लागला, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात हे ज्ञान आडवळणी नव्हते, शरीरशास्त्राच्या राजरस्त्यावर होते. १८४७ साली जर्मनीत मारबुर्ग इथे कार्ल लुडविगने कायमोग्राफ बनवला. पाऱ्याच्या नळीत तरंगता दांडा, त्याच्या टोकाला लेखणी, आणि समोर संथ फिरणारा पिंप. पुढे शंभर वर्षे प्रत्येक प्रयोगशाळेत हा पिंप फिरत राहिला. त्याचा जन्म कशासाठी झाला ते मात्र विसरले गेले. लुडविगच्या त्या निबंधाचा विषयच श्वासाच्या हालचालींचा महाधमनीतल्या रक्तप्रवाहावर होणारा परिणाम हा होता. छातीतला दाब आणि धमनीतला दाब एकाच कागदावर शेजारी शेजारी उमटावेत, म्हणून हे यंत्र घडवले गेले. काही वर्षांतच लायप्झिगच्या एडुआर्ड वेबरने घशाची वाट बंद करून छाती जोराने आवळली आणि स्वतःच्या मनगटावरची नाडी नाहीशी करून दाखवली. एकदा तर असे करताना त्याची शुद्ध हरपली. दाब वाढवणारी ही कृती वैद्यकात व्हॅल्साल्वाच्या नावाने ओळखली जाते. तिची उलट बाजू, म्हणजे वाट बंद ठेवून श्वास आत घेण्याचा प्रयत्न करणे, योहानेस म्युलरच्या नावावर आहे. एका कृतीत छातीत दाब चढतो आणि हृदय रिकामे पडते, दुसरीत दाब उतरतो आणि रक्त छातीकडे ओढले जाते. दोन्ही टोके दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच माहीत होती.

महाराष्ट्राला या दोन टोकांची ओळख वेगळ्या वाटेने झाली. अमळनेरला शिक्षक म्हणून काम केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना शरीराच्या आत काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने पाहायला सुरुवात केली होती. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या खाली उतरतो असे त्यांना आढळले, आणि आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी त्या पोकळीला माधवदास व्हॅक्यूम असे नाव दिले. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण सोडून, वाट बंद ठेवून, छाती फुगवण्याची कृती. म्युलरची कृती आणि ही, दोन्हींचा गाभा एकच. दुसऱ्या टोकाची तपासणी १९५७ साली झाली. वेंगर आणि बागची हे दोघे अमेरिकेतून भारतात आले आणि दिल्लीच्या बी. के. आनंद यांच्यासह हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांना यंत्रांना जोडून पाहू लागले. १९६१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: नाडी हाताला लागत नव्हती, हृदयाचे ठोके ऐकू येत नव्हते, तरी विद्युत आलेख अखंड चालू होता. श्वास कोंडून छाती-पोट आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त अडत होते आणि धडधडणारे हृदय जवळजवळ रिकामेच आकुंचन पावत होते. लोणावळ्याच्या किंवा दिल्लीच्या या कामाचा रक्तस्रावाशी थेट संबंध नव्हता, आणि नव्हता तो जोडण्याचे कारणही नाही. पण छातीतल्या दाबाने रक्ताची आवक वाढवता-घटवता येते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

नाते पुन्हा सापडले ते दुसऱ्या महायुद्धात. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स नीलेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेत होते. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समानने स्वतःच्या हातातून अशी नळी घालून घेतली होती. त्या धाडसाचे या दोघांनी मोजमापाच्या साधनात रूपांतर केले, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. युद्धकाळात सरकारला हवे होते ते शॉकचे उत्तर. जखमी सैनिक गार पडतो, घामाने भिजतो, नाडी सुतासारखी होते आणि तो जातो, हे का? रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणारे मज्जाकेंद्र थकते, असे एक जुने मत होते. अपघातात, भाजून, रक्त वाहून बेलव्ह्यूत आलेल्या शंभराहून अधिक रुग्णांच्या हृदयात नळी घालून या मंडळींनी दाब मोजले. उजव्या कप्प्यातला दाब उतरलेला होता, हृदयाकडे येणारे रक्त कमी झाले होते, आणि ज्यांचे रक्त फार गेले होते त्यांच्यात हे सर्वांत ठळक होते. पंप थकल्याचा पुरावा पुढे आला नाही, पंपाला रक्त पुरत नव्हते. उपचार म्हणून रक्त भरणे योग्य ठरले, आणि ते योग्यच होते.

त्याच संशोधकांच्या हाती त्याच वर्षांत दुसरा प्रश्न आला. चाळीस हजार फुटांच्या वर विमान नेणाऱ्या वैमानिकाला नुसता प्राणवायू पुरत नाही, तो दाबाने द्यावा लागतो. रॉचेस्टर विद्यापीठात फेन, राहन आणि ओटिस यांनी दाबाखालच्या श्वासाचा सगळा यंत्रव्यवहार मांडला, आणि कूर्नांच्या गटाने मुखवट्यातून दाबाने हवा घेणाऱ्या माणसांच्या हृदयातून बाहेर पडणारे रक्त मोजले. १९४८ साली छापलेला त्यांचा निबंध आजही वाचावा असा आहे. मुखवट्यातला सरासरी दाब जसा वाढे तसे हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटे. श्वास सोडायला पुरेसा वेळ मिळाला आणि त्या वेळात दाब शून्यावर आला, तर हृदय मधल्या फुरसतीत भरून निघे आणि घट कमी होई. एका खोलीत शॉक म्हणजे हृदयाला रक्त न पुरणे हे सिद्ध झाले होते, दुसऱ्या खोलीत दाबाची हवा हृदयाचे रक्त अडवते हे सिद्ध झाले होते. दोन्ही खोल्यांत माणसे तीच. आधीच रक्त न पुरणाऱ्या माणसाला दाबाची हवा दिली तर काय होईल, हा प्रश्न या दोन निष्कर्षांच्या बेरजेत पडून होता. पण पुढच्या काळाचा वैद्यकीय व्यवहार ही बेरीज करून चालला नाही.

का नाही, याचे उत्तर कोपनहेगनमध्ये आहे, आणि ते उत्तर कुणाच्या हलगर्जीपणाचे नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाची यंत्रे होती सात: एक लोखंडी टाकी आणि सहा छातीवर बांधायची कवचे. ही सगळी बाहेरून पोकळी निर्माण करून श्वास ओढवणारी यंत्रे होती. पहिल्या काही आठवड्यांत यंत्रावर घातलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेनने ऑगस्टच्या अखेरीस बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद घेऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी जगली. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, खाटेशेजारी बसून, तासन्‌तास पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग त्या खाटांच्या रांगेतून जन्माला आला. (लोखंडी टाकीने हृदयाला फार मदत होत होती असेही कुणी समजू नये. टाकीत छातीबरोबर पोटही असते, दोन्हींवरचा दाब एकदमच उतरतो, त्यामुळे ओढ तितकी मिळत नाही.) इब्सेनची पद्धत बरोबर होती, कारण ती मुले घशात साचलेल्या स्रावाने आणि अपुऱ्या श्वासाने गुदमरत होती, त्यांच्या अंगातले रक्त कमी झालेले नव्हते. पण यश मोठे असले की त्याची सवय त्याच्या हद्दीपलीकडे जाते. हवा कोंबणे हाच श्वास देण्याचा एकमेव मार्ग ठरला, आणि अधिक हवा म्हणजे अधिक चांगले हे रुग्णवाहिकेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत हातांत भिनले. रक्तस्रावाने पांढरा पडलेला माणूस समोर आला की हात आपोआप पिशवीकडे जाऊन ती भराभर दाबू लागला.

त्या सवयीची किंमत अर्ध्या शतकाने मोजली गेली. २००३ साली पॉल पेपी आणि सहकाऱ्यांनी रक्तस्राव घडवलेल्या डुकरांना कृत्रिम श्वास वेगवेगळ्या गतीने दिला. मिनिटाला वीस-तीस श्वासांवर रक्तदाब आणि हृदयातून निघणारे रक्त दोन्ही खाली गेले, गती सहावर आणली की दोन्ही वर आले. पुढच्या वर्षी टॉम ऑफडरहाइड यांचा मिलवॉकीतला अभ्यास आला. हृदय बंद पडलेल्या माणसांना प्रशिक्षित कर्मचारी रस्त्यावर मिनिटाला सरासरी तीस श्वास देत होते. मार्गदर्शनात सांगितलेली गती याच्या निम्म्याहूनही कमी होती. त्याच गतीने डुकरांना श्वास दिला तेव्हा सातांपैकी एकच वाचले, बारा श्वासांच्या गटात सातांपैकी सहा वाचले. त्या कर्मचाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. समोर माणूस मरत असताना, घाबरलेल्या हातात पिशवी असताना, दोन श्वासांच्या मध्ये पाच सेकंद काही न करता थांबणे ही फार अवघड गोष्ट आहे. छातीत दाब नसतो त्या क्षणांतच हृदय भरते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

दुसरी वाट, म्हणजे ओढ वाढवण्याची, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका घरातून सुरू झाली. १९९० साली एका वैद्यकीय नियतकालिकात बातमीवजा टिपण आले: एका गृहस्थाचे हृदय बंद पडले, आणि घरच्या माणसांनी संडासाची तुंबलेली नळी मोकळी करायचा रबरी पंप त्याच्या छातीवर चालवून त्याला वाचवले. टिपण लिहिणाऱ्यांपैकी कीथ ल्युरी या हृदयतज्ज्ञाच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. तो रबरी पंप छाती दाबतो हे उघड आहे, पण वर उचलताना तो ती ओढतोही, आणि त्या ओढीत हृदय भरते. त्यावरून छाती दाबून ओढणारे साधन तयार झाले. मग ल्युरींच्या लक्षात आले की छाती ओढली की तोंडावाटे हवा आत घुसते आणि पोकळी लगेच भरून जाते, म्हणजे मेहनत वाया. हवा क्षणभर अडवली तर? १९९५ साली त्यांच्या गटाने श्वासमार्गावर बसवायच्या झडपेचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुठीत मावेल एवढी ती वस्तू. ठरलेल्या पोकळीपर्यंत ती बंद राहते, त्यापुढे उघडते, आणि बाहेर जाणाऱ्या हवेला मुळीच अडवत नाही.

हृदय बंद पडलेल्यासाठी बनलेली ही झडप स्वतः श्वास घेणाऱ्या, पण रक्त कमी झालेल्या माणसाला उपयोगी पडेल का, हा प्रश्न टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या लष्करी शल्यसंशोधन संस्थेत व्हिक्टर कन्व्हर्टिनो यांनी घेतला. ते अवकाशयात्रींचा अभ्यास करून आले होते. भारहीनतेतून परतलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरते आणि तो भोवळून पडतो, म्हणजे रक्त न वाहताही हृदय उपाशी राहते. निरोगी माणसाचे लिटरभर रक्त प्रयोगासाठी काढून घेता येत नाही. त्यासाठी एक पेटी वापरतात. स्वयंसेवक आडवा झोपतो, कंबरेपासून खालचे अंग पेटीत जाते, कंबरेभोवती रबरी पट्टा घट्ट बसतो, आणि व्हॅक्यूम क्लीनरसारख्या पंपाने पेटीतली हवा ओढतात. रक्त मांड्या-पोटऱ्यांत आणि कटिभागात साचते. पेटीतला दाब चाळीस मिलिमीटरने उतरवला की पाचशे ते हजार मिलिलिटर रक्त गेल्यासारखी अवस्था होते, त्यापुढे हजाराच्या वर. दाब टप्प्याटप्प्याने उतरवत नेतात. नाडी वाढते, चेहरा फिका पडतो, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्या क्षणी हवा सोडून माणसाला परत आणतात. याच माणसांनी उणे सात सेंटिमीटर पाण्याची झडप तोंडावर लावून श्वास घेतला तेव्हा प्रत्येक ठोक्याला निघणारे रक्त आणि रक्तदाब अधिक टिकून राहिले, आणि अंधारी येण्याची वेळ पुढे गेली. सात सेंटिमीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे सुमारे पाच मिलिमीटर, म्हणजे नीलांतल्या सातांच्या उताराशी ताडून पाहावे एवढे.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला हृदयतज्ज्ञांचा. छातीत पोकळी वाढली की डाव्या कप्प्याला त्या पोकळीविरुद्ध रक्त बाहेर ढकलावे लागते, म्हणजे त्याचे ओझे वाढते. शिवाय उजवा कप्पा फुगला की मधला पडदा डावीकडे सरकून डाव्या कप्प्याची जागा खातो. १९७९ साली स्टॅनफर्डच्या बुडा आणि सहकाऱ्यांनी म्युलरची कृती करणाऱ्या रुग्णांत हे प्रत्यक्ष दाखवले: डावा कप्पा पुरता रिकामा होत नाही. हे खरे आहे, आणि ज्याचे हृदयच कमजोर आहे, ज्याच्या फुप्फुसात पाणी साठले आहे, त्याला ही झडप लावणे चुकीचे ठरेल. त्याला उलट दाबाची हवाच आराम देते. पण म्युलरच्या कृतीतली पोकळी झडपेच्या कित्येक पट असते आणि ती सलग धरून ठेवलेली असते. झडपेत ती दर श्वासागणिक येते आणि जाते. रक्त कमी झालेल्या माणसाचे हृदय सुदृढ असते, त्याची अडचण भरण्याची असते, रिकामे होण्याची नसते. एकाच पोकळीचा नफा आणि तोटा एकदम होतो, आणि कोणता मोठा हे त्या शरीरात रक्त किती आहे यावर ठरते.

दुसरा आक्षेप, हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचे जे आलेख गायटनने काढले, त्यांतूनच निघतो. ओढ फार वाढली की छातीच्या तोंडाशी मोठ्या नीला चिपकतात, मऊ नळीतून जोराने सरबत ओढावे तशा, आणि त्यापुढची ओढ व्यर्थ जाते. रक्त कमी असेल तर त्या आणखी लवकर चिपकतात. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो झडपेची मर्यादा आखून देतो. अधिक जड झडप म्हणजे अधिक फायदा असे मुळीच नाही. सात सेंटिमीटरच्या आसपास थांबण्यामागे माणसाची दमछाक हे कारण आहेच, नीलांचे हे वागणेही आहे. दमछाकीबद्दल बोलायचे तर, जखमी माणसाकडून श्वासाचे जादा काम करून घेणे क्रूर वाटते. पण ते काम रुग्णालय गाठेपर्यंतचे, अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, आणि ज्याची शुद्ध हरपत चालली आहे किंवा जो आधीच धापा टाकतो आहे त्याच्यासाठी ते नाहीच.

तिसरा आक्षेप शल्यविशारदांचा, आणि तो पहिल्या महायुद्धाइतका जुना आहे. १९१८ साली वॉल्टर कॅननने लिहिले होते की रक्तस्रावाच्या जागेपर्यंत हात पोचत नसेल तर दाब वाढवून साकळलेली गुठळी सुटण्याचा धोका असतो. १९९४ साली ह्यूस्टनमध्ये छाती-पोटाला भोसकल्या किंवा गोळी लागल्याच्या ५९८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वाटेतच सलाईन दिलेल्यांपैकी ६२ टक्के जगले, शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन रोखलेल्यांपैकी ७० टक्के. दाब कसाही वाढवणे हिताचे नाही, हे त्यानंतर नाकारता येत नाही. झडपेलाही हा धोका लागू आहे. फरक एवढाच की झडप रक्त पातळ करत नाही, थंड करत नाही, आणि नको वाटली त्या क्षणी तोंडावरून काढता येते. शरीरात गेलेले सलाईन परत घेता येत नाही. पेटीतला माणूस खरा जखमी नव्हे, त्याला वेदना नाही, फुटलेली वाहिनी नाही, हेही मान्य करायला हवे. जखमींवर झडपेने रक्तदाब सावरल्याच्या नोंदी आहेत, पण दाब सावरणे आणि जीव वाचणे यांत अंतर आहे. ते पार झाले असे मी म्हणत नाही.

सर्वांत मोठा फटका मात्र हृदय बंद पडलेल्यांवरच्या चाचणीने दिला. अमेरिका आणि कॅनडात ८,७१८ रुग्णांवर झालेल्या त्या चाचणीत निम्म्यांना खरी झडप होती, निम्म्यांना दिसायला तशीच पण निकामी. २०११ साली निकाल आला: बऱ्या अवस्थेत घरी गेलेले ५.८ टक्के खऱ्या झडपेचे, ६ टक्के निकामी झडपेचे. फायदा शून्य. त्याच वर्षी दुसऱ्या मोठ्या चाचणीत झडपेबरोबर छाती ओढणारे साधनही वापरले, तेव्हा हे प्रमाण सहा टक्क्यांवरून नऊवर गेले. पहिल्या निकालाला बगल देणे अप्रामाणिक होईल. पण तो काय सांगतो ते नीट वाचायला हवे. हृदय बंद पडलेला माणूस स्वतः ओढ निर्माण करत नाही. कर्मचारी छाती किती खोल दाबतो, ती पुरती वर येऊ देतो की नाही, आणि पिशवी किती वेळा दाबतो यावर सगळे अवलंबून. त्याच आकडेवारीची पुढे छाननी झाली तेव्हा ज्यांच्या छातीवरचे काम नीट झाले होते त्यांच्यात झडपेचा फायदा दिसला; मागाहून केलेल्या अशा छाननीवर भिस्त ठेवता येत नाही, पण ती हेल्सच्या घोडीपाशीच आणून सोडते. उसासा टाकायला छाती मोकळी हवी.

झडप बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते असे तिच्याकडे पाहून वाटते. हृदय बंद पडलेल्यांसाठीच्या झडपेच्या अंगावर एक बारीक दिवा बसवलेला आहे. तो मिनिटाला दहा वेळा लुकलुकतो. दिवा लागला की पिशवी एकदा दाबायची, विझला की हात सैल सोडून पुढचा उजेड येईपर्यंत सहा सेकंद थांबायचे.